शिक्क्याचा कागद आणि ‘आपला माणूस’: कनेक्टिकटमधलं १७६५ सालचं एक प्रकरण

प्रकरण अभ्यासात माणसांची नावं बदलायची रीत आहे. इथे मुख्य माणसाचं नाव लपवण्यात अर्थ नाही, कारण तो जाऊन अडीचशे वर्षं होत आली आणि त्याचा पत्रव्यवहार त्याच्या हयातीतच छापला गेला. ज्या पाचशे घोडेस्वारांनी त्याला रस्त्यात गाठलं, त्यांतले बहुतेक मात्र तेव्हाही निनावी होते आणि आजही आहेत.

जॅरेड इंगरसॉल हा न्यू हेवन गावचा वकील. अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींवर लादलेल्या मुद्रांक कराला त्याने आधी विरोध केला, मग त्याच कराच्या वसुलीचं काम पत्करलं, आणि कर लागू होण्याच्या सहा आठवडे आधी भर रस्त्यात राजीनामा वाचून दाखवला. हे सगळं सव्वा-दीड वर्षात घडलं. अमेरिकन क्रांतीच्या इतिहासात त्याच्या वाट्याला एखादा परिच्छेद येतो. प्रशासनात काम करणाऱ्याने मात्र हे प्रकरण जरा थांबून वाचावं, असं मला वाटतं.

## पार्श्वभूमी

१७६३ मध्ये फ्रान्सविरुद्धचं सात वर्षांचं युद्ध संपलं तेव्हा ब्रिटनच्या डोक्यावर बारा कोटी पौंडांहून जास्त कर्ज होतं. शिवाय अमेरिकेत सुमारे दहा हजार सैनिक ठेवायचं ठरलं होतं आणि त्यांचा खर्च कुठून काढायचा हा प्रश्न होता. पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिल हिशेबाचा पक्का माणूस. त्याने मार्च १७६४ मध्येच संसदेत सांगून ठेवलं की वसाहतींवर मुद्रांक कर बसवावा लागेल, आणि वर्षभराची सवड दिली.

इंग्लंडात हा कर १६९४ पासून होता. तोही युद्धासाठी आणि थोड्या वर्षांपुरता म्हणून आला आणि मग गेलाच नाही, जसे असे कर कधी जात नाहीत. मॅसॅच्युसेट्स आणि न्यू यॉर्क या वसाहतींनी तर १७५०च्या दशकात स्वतःच्या विधिमंडळाच्या ठरावाने काही काळ असाच कर घेतलेला होता. म्हणजे शिक्क्याचा कागद ही काही नवी आपत्ती नव्हती.

कराची यादी वाचण्यासारखी आहे. वर्तमानपत्राच्या अर्ध्या तावाला अर्धा पेनी, पूर्ण तावाला एक पेनी. प्रत्येक जाहिरातीला दोन शिलिंग. पत्त्यांच्या कॅटला एक शिलिंग, फाशांच्या जोडीला दहा. भिंतीवर लावायच्या एकपानी पंचांगाला दोन पेनी. कर्जरोखा दहा पौंडांपर्यंतचा असेल तर सहा पेनी, वीसपर्यंत एक शिलिंग. विद्यापीठाच्या पदवीपत्राला दोन पौंड. वकिलीच्या सनदेला दहा पौंड. आणि मजकूर इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत असेल तर दर दुप्पट, म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन छापखान्यांना दुहेरी फटका.

आज आपण ‘तिकीट’ म्हणतो तसं चिकटवायचं तिकीट त्या काळी नव्हतं. कोऱ्या कागदावरच उठावाचा ठसा मारत: वर मुकुट, मध्ये गुलाबाचं फूल, भोवती पट्टा, त्यावर ‘अमेरिका’ हा शब्द आणि खाली किंमत. चर्मपत्रावर ठसा नीट उठत नसे, म्हणून त्यावर निळ्या कागदाचा तुकडा धातूच्या पातळ पट्टीने अडकवून त्या तुकड्यावर ठसा मारत. हे सगळं लंडनमध्ये व्हायचं. ठसा मारलेले कागद पेट्यांत भरून जहाजाने रवाना व्हायचे आणि प्रत्येक वसाहतीतला नेमलेला वितरक ते विकणार. पैसे स्टर्लिंगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या चलनात. वसाहतींत चांदीच्या नाण्यांची आधीच चणचण, त्यात हे.

ग्रेनव्हिलला ही पद्धत आवडण्याचं कारण आपल्याला लगेच कळेल. वसुलीला शिपाई पाठवावा लागत नाही. शिक्का नसलेला कागद कोर्टात चालत नाही, बस्स. जमीन घेणारा, कर्ज देणारा, वारसा सांगणारा आपल्या गरजेने येऊन कागद घेतो. ईस्ट इंडिया कंपनीने १७९७ मध्ये बंगालमध्ये हीच युक्ती केली, १८९९च्या भारतीय मुद्रांक कायद्याच्या मुळाशी तीच आहे. शंभराचा स्टँप पेपर मागणाऱ्याला आता पाचशेचा घ्यावा लागतो, आणि तो कुरकुरत का होईना घेतो, त्यामागेही तीच.

## पेच

इंगरसॉल येल कॉलेजचा पदवीधर, वकिलीत नाव असलेला, आधी एकदा कनेक्टिकटचा प्रतिनिधी म्हणून लंडनला राहून आलेला. १७६४ मध्ये कनेक्टिकटच्या विधिमंडळाने या कराविरुद्ध जे निवेदन छापलं, ते तयार करणाऱ्यांत गव्हर्नर थॉमस फिच यांच्याबरोबर तोही होता. त्याच वर्षाच्या अखेरीस तो पुन्हा लंडनला गेला. काम खाजगी होतं, नौदलाला जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी पाइनचे सोट पुरवण्याचं. विधिमंडळाने जाता जाता त्याच्यावर वसाहतीची बाजू मांडायची जबाबदारीही टाकली.

स्वतःचा धंदा आणि लोकांचं काम एकाच फेरीत. पुढचा संशय इथूनच पोसला गेला.

२ फेब्रुवारी १७६५ रोजी इंगरसॉल, बेंजामिन फ्रँकलिन आणि आणखी दोघे प्रतिनिधी ग्रेनव्हिलला भेटले. त्यांनी सुचवलं की वसाहतींना नेहमीप्रमाणे रक्कम मागा, त्या आपापल्या विधिमंडळातून ती उभी करतील. ग्रेनव्हिलने उलट विचारलं: कोणत्या वसाहतीने किती द्यायचे, यावर तुमचं एकमत होईल का? चौघांपैकी कोणाकडेही उत्तर नव्हतं. ग्रेनव्हिलने प्रश्न विचारला तो अडवण्यासाठीच, हे उघड आहे. पण तो प्रश्न खोटा नव्हता.

चार दिवसांनी कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, चर्चा झाली. इंगरसॉल प्रेक्षकांच्या सज्जात बसून होता. चार्ल्स टाउनशेंड हा खासदार म्हणाला की ही आमची लेकरं, आमच्या देखरेखीखाली वाढली. त्यावर आयझॅक बॅरे हा अमेरिकेत लढलेला कर्नल उसळून उठला आणि बोलता बोलता त्याने तिथल्या लोकांना ‘स्वातंत्र्याचे पुत्र’ म्हटलं. सभागृहावर त्याचा परिणाम काही झाला नाही, कारण चर्चा लांबणीवर टाकण्याचा प्रस्ताव २४५ विरुद्ध ४९ मतांनी पडला. इंगरसॉलवर मात्र झाला. त्याने गव्हर्नर फिचना ११ फेब्रुवारीच्या पत्रात ते भाषण लिहून कळवलं, मे महिन्यात ते कनेक्टिकटच्या वर्तमानपत्रांत छापून आलं, आणि तिथल्या विरोधकांना आपल्या संघटनेसाठी नाव मिळालं.

२२ मार्चला राजाची संमती मिळून कायदा झाला. अंमल १ नोव्हेंबर १७६५ पासून.

आता ग्रेनव्हिलने ठरवलं की वितरक इंग्लंडातून पाठवायचे नाहीत, वसाहतींतलेच प्रतिष्ठित लोक नेमायचे. लोकांना परका वसुलीवाला खुपतो, आपला खुपणार नाही, असा हिशेब. कनेक्टिकटसाठी नाव पुढे आलं इंगरसॉलचं. घ्यायचं की नाही?

## समोरचे पर्याय

पहिला पर्याय नकाराचा. कायदा झालाच होता, नकाराने तो टळणार नव्हता. नेमणूक दुसऱ्या कोणाची तरी झाली असती.

दुसरा, होकार देऊन आतून सौम्य करणं. ही नुसती कल्पना नव्हती. कायद्याचा मसुदा करणारा ट्रेझरीचा, म्हणजे अर्थखात्याचा, सचिव थॉमस व्हेटली याच्याशी इंगरसॉलचं बोलणं होतं. विवाहाचा परवाना, न्यायदंडाधिकाऱ्यांच्या नेमणुकीचे कागद, साध्या वचनचिठ्ठ्या यांच्यावरचा कर आपल्या सांगण्यावरून गळला, असं इंगरसॉलने पुढे सांगितलं. गावाकडच्या लहान माणसाला याच गोष्टी रोज लागतात. ज्याला हे एकदा जमलं, त्याला पुढेही जमेल असं वाटणं साहजिक आहे.

तिसरा पर्याय म्हणजे निर्णय गावी जाऊन घ्यायचा. विधिमंडळाला विचारायचं, लोकांचा कल बघायचा आणि मग लंडनला कळवायचं. जहाजाला अटलांटिक ओलांडायला सहा-आठ आठवडे लागत, हे खरं. पण कर लागू व्हायला सात महिने होते. या पर्यायाचा त्याने गंभीरपणे विचार केल्याचं दिसत नाही.

फ्रँकलिनने त्याला पद घ्यायचा सल्ला दिला. स्वतः फ्रँकलिनने पेनसिल्व्हेनियासाठी आपला मित्र जॉन ह्यूज याचं नाव सुचवून टाकलं होतं. इतका चाणाक्ष माणूसही वारा ओळखण्यात चुकला, तर इंगरसॉलला दोष किती द्यायचा? शिवाय पदात विक्रीवर टक्केवारी होती. ती मोहाला पुरेशी होती की नव्हती यावर वाद घालण्यात हशील नाही. लोकांच्या नजरेला तीच दिसली.

## काय केलं, आणि काय होत गेलं

त्याने होकार दिला आणि जुलैच्या अखेरीस तो अमेरिकेत उतरला. सुरुवातीला काही जणांनी अभिनंदनही केलं, परवान्या-बिरवान्यासाठी आता ओळखीचा माणूस आहे म्हणून. मग १४ ऑगस्टला बॉस्टनमध्ये तिथला वितरक अँड्र्यू ऑलिव्हर याचा पुतळा एका एल्मच्या झाडाला टांगला गेला, संध्याकाळी त्याची इमारत पाडली, घरात नासधूस केली. ऑलिव्हरने तीन दिवसांत पद सोडायचं कबूल केलं. लोकांना कळलं की कायद्याला हात लावता येत नसला तरी वितरकाला लावता येतो. वितरक नसेल तर कागद वाटणार कोण?

कनेक्टिकटमध्ये २१ ऑगस्टला नॉर्विचमध्ये इंगरसॉलचा पुतळा निघाला, दुसऱ्या दिवशी न्यू लंडनमध्ये, मग विंडहॅम आणि लेबननमध्ये. लेबननला तर पुतळ्यावर रीतसर खटला चालवून त्याला फाशी दिली. वर्तमानपत्रात कोणीतरी दाखवून दिलं की जॅरेड इंगरसॉल आणि येशूला विकणारा ज्यूडास इस्कॅरियट यांची आद्याक्षरं एकच आहेत. बायबल घराघरांत वाचणाऱ्या त्या प्रांतात याहून जहरी कोटी शोधून सापडली नसती.

या गावांकडे नीट पाहिलं तर ती सगळी पूर्वेकडची आहेत. इंगरसॉल आणि फिच पश्चिमेकडचे. दोन्ही भागांत धर्ममतावरून जुनी तेढ होती. पूर्वेकडच्या लोकांना सस्क्वेहाना नदीकाठी जमिनी हव्या होत्या आणि इंगरसॉलने त्या योजनेला विरोध केलेला होता. म्हणजे शिक्क्याचा कागद आला तो आधीच तापलेल्या तव्यावर. गावच्या राजकारणात मुरलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. तो लंडनमध्ये बसून हे विसरला असावा.

इथे त्याचा पहिला प्रतिसाद पाहा. २४ ऑगस्टला त्याने जनतेला उद्देशून एक निवेदन छापलं. आशय असा की मी हे काम तुमच्या सोयीसाठी घेतलं, कोणाच्या गळ्यात कागद बांधणार नाही, तुम्हाला नोव्हेंबरपर्यंत नकोच वाटले तर माझा आग्रह नाही, आणि अधिकाऱ्यावर राग काढण्यापेक्षा कायदा कसा जाईल ते बघा. वकिलाच्या दृष्टीने निर्दोष. पण त्यात एक वाक्य नव्हतं: ‘मी पद सोडतो.’ वाचणाऱ्याने फक्त तेवढंच शोधलं.

शेजारी काय चाललं होतं? न्यू यॉर्कचा वितरक जेम्स मॅक्एव्हर्स याने ऑगस्टमध्येच हात वर केले. न्यू जर्सीचा विल्यम कॉक्स सप्टेंबरच्या सुरुवातीला मोकळा झाला. मेरीलँडचा झकराया हूड अडून बसला, त्याची इमारत पाडली गेली आणि तो पळून न्यू यॉर्कला आला. निरोप पुरेसा स्पष्ट होता.

१७ सप्टेंबरला न्यू हेवनच्या गावसभेने, म्हणजे त्याच्या स्वतःच्या गावाने, राजीनामा मागितला. त्याचं उत्तर होतं की विधिमंडळाचं मत कळल्यावाचून मी सोडणार नाही. फिचनी १९ तारखेला हार्टफर्डला खास अधिवेशन बोलावलं होतं. इंगरसॉल १८ला निघाला, बरोबर गव्हर्नर होते. काही मैलांवर दोन घोडेस्वार भेटले, हातात नव्या कापलेल्या लांब काठ्या. त्यांनी सांगितलं की पूर्वेकडून मोठा जमाव आठ दिवसांची शिदोरी बांधून न्यू हेवनकडेच निघालाय. गव्हर्नरांनी त्यांना परत फिरायला आणि बाकीच्यांनाही फिरवायला फर्मावलं. त्या दोघांनी उत्तर दिलं ते असं की हे लोकांचं काम आहे आणि यात आम्ही कोणाचे हुकूम घेत नाही. गव्हर्नर निवडून आलेला, लोकप्रिय, प्रत्यक्ष समोर उभा. आणि दोन साधे शेतकरी त्याला हे ऐकवतात. मला विचाराल तर कनेक्टिकटमधल्या ब्रिटिश सत्तेचा निकाल त्या रानवाटेवरच लागला होता.

इंगरसॉलने घरी निरोप पाठवला की कोणी प्रतिकार करू नका. रात्री वाटेत मुक्काम केला. सकाळी गव्हर्नर पुढे गेलेले, हा मागून निघाला.

हार्टफर्डच्या अलीकडे चार-पाच मैलांवर वेदर्सफील्ड गाव आहे. त्याच्या अलीकडे आधी चार-पाच जण भेटले, मग तीसेक, मग मुख्य तांडा, सुमारे पाचशे घोडेस्वार. पुढे तीन तुतारीवाले. प्रत्येकाच्या हातात साल सोललेली पांढरी काठी. दोन-दोनच्या रांगेत शिस्तीत चाललेले, म्होरक्या नॉर्विचचा जॉन डर्की, युद्धात लढलेला. दंगेखोरांचा लोंढा नव्हे तर कवायत केलेले लोक. त्यांनी रांग उघडून याला मध्ये घेतलं. कोणी अंगाला हात लावला नाही, शिव्याही विशेष दिल्या नाहीत.

वेदर्सफील्डच्या रस्त्यात त्याला थांबवून राजीनामा मागितला. तो खानावळीच्या खोलीत जाऊन बोलू म्हणाला, आणि मग तीन तास वाटाघाटी चालल्या. त्याचे मुद्दे एकेक करून बरोबर होते. मला सरकारने नेमलंय, विधिमंडळ हाकेच्या अंतरावर भरलंय, त्याला ठरवू द्या. न्यू लंडन आणि विंडहॅम या दोनच परगण्यांनी साऱ्या वसाहतीच्या वतीने हुकूम सोडावा हे योग्य आहे का? यावर त्यांनी वाद घातलाच नाही. बाहेर लोक ताटकळलेत, सही करा, एवढंच उत्तर. हार्टफर्डहून कोणीतरी येऊन सोडवेल या आशेने तो वेळ काढत असावा. कोणी आलं नाही. शेवटी, ही बाब जीव देण्याइतकी मोठी नाही, असं म्हणून त्याने सही केली.

मग बाहेर येऊन मोठ्याने वाचायला लावलं. टोपी हवेत उडवून ‘स्वातंत्र्य आणि मालमत्ता’ असा तीनदा घोष करायला लावला. त्यानंतर सगळे त्याच्याबरोबर जेवायला बसले! हा भाग मला फार बोलका वाटतो. काम झालं होतं, राग माणसावर नव्हता. जेवणानंतर त्याला वाजतगाजत हार्टफर्डला नेलं. आता जमाव हजाराच्या घरात गेलेला. विधिमंडळाच्या दारासमोर पुन्हा वाचन, पुन्हा घोष. म्हणजे ज्या विधिमंडळाला विचारायचं म्हणून तो अडला होता, त्याच्या सभासदांना त्याचा राजीनामा बाहेरून ऐकावा लागला. त्या वाटेवर तो पांढऱ्या घोड्यावर होता अशी आख्यायिका आहे. कोणीतरी विचारलं, मनात काय चाललंय? तो म्हणाला, फिकट घोड्यावर बसलेला मृत्यू आणि त्याच्यामागून येणारा नरक, हे बायबलमधलं वचन मला आजवर इतकं नीट कळलं नव्हतं. विनोदबुद्धी शाबूत होती.

## निष्पत्ती

कनेक्टिकटमध्ये शिक्क्याचा एकही कागद विकला गेला नाही. इतर वसाहतींचे वितरकही नोव्हेंबर उजाडेपर्यंत बहुतेक गळाले होते. जहाजं ‘शिक्क्याचे कागद मिळत नाहीत’ असा दाखला घेऊन बंदर सोडू लागली, वर्तमानपत्रं बिनशिक्क्याची निघाली, कोर्टांचं काम कित्येक ठिकाणी महिनोन् महिने बंद पडलं. ऑक्टोबरमध्ये न्यू यॉर्कला नऊ वसाहतींचे सत्तावीस प्रतिनिधी एकत्र बसले. लंडनमध्ये तोवर ग्रेनव्हिल जाऊन रॉकिंगहॅम आला होता. व्यापारी माल खपत नाही म्हणून ओरडत होते. १८ मार्च १७६६ रोजी कायदा मागे घेतला गेला. त्याच दिवशी दुसरा कायदा मंजूर झाला: वसाहतींवर हवे ते कायदे करण्याचा संसदेचा हक्क अबाधित आहे.

इंगरसॉलला मात्र सप्टेंबरचा राजीनामा पुरला नाही. सक्तीने लिहून घेतलेला राजीनामा टिकत नाही हे लोकांनाही ठाऊक होतं, म्हणून जानेवारी १७६६ मध्ये त्याला शपथेवर पुन्हा लिहून द्यावं लागलं. गव्हर्नर फिचनी कायद्याप्रमाणे अंमलबजावणीची शपथ घेतली, तेव्हा त्यांच्या मंडळातले बरेच सहायक उठून बाहेर गेले. मेच्या निवडणुकीत फिच पडले.

पेनसिल्व्हेनियात फ्रँकलिनच्या घरावरही जमाव येण्याच्या बेतात होता आणि त्याची बायको डेबोरा बंदुका भरून घरात ठाण मांडून बसली. फ्रँकलिन स्वतः तीन हजार मैल लांब. फेब्रुवारी १७६६ मध्ये त्याने कॉमन्ससमोर साक्ष दिली, करावर कडाडून टीका केली आणि सगळं धुऊन निघालं. चूक दोघांची तीच. एकाला ती दुरुस्त करायला सभागृह मिळालं, दुसऱ्याला वेदर्सफील्डची खानावळ.

## निर्णयाच्या जागा, पुन्हा एकदा

पद घेणं ही मोठी चूक, असं सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही. मार्चमध्ये लंडनमधून जे दिसत होतं, त्यावरून तो निर्णय समजण्यासारखा होता. व्हर्जिनियाचा रिचर्ड हेन्री ली, जो पुढे मोठा देशभक्त म्हणून गाजला, त्यानेही हेच पद मागितलं होतं. त्याला ते मिळालं नाही, हे त्याचं नशीब.

खरी चूक मला २४ ऑगस्टच्या निवेदनात दिसते. तोवर बॉस्टन होऊन गेलं होतं, नॉर्विच झालं होतं. अजून कोणी त्याच्या दारात आलं नव्हतं. त्या दिवशी सोडलं असतं तर राजीनामा त्याचा स्वतःचा ठरला असता, ‘लोकांचं ऐकलं’ म्हणून मानही राहिला असता. मॅक्एव्हर्सला कोणी रस्त्यात गाठलं नाही.

दुसरी गोष्ट विधिमंडळाची. त्याची मागणी न्याय्य होती, पण ती उशिरा आली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच, पुतळे निघण्याआधी, त्याने स्वतः फिचकडे जाऊन अधिवेशन बोलावण्याचा आग्रह धरला असता तर ‘मला विचारायचंय’ हे खरं वाटलं असतं. सप्टेंबरात, जमाव निघाल्यावर, तेच वाक्य वेळकाढूपणाचं वाटलं. फिचनीही वाट पाहिली. निवडून आलेल्या गव्हर्नरला लोकांचा कल एवढा उशिरा कळावा, याचं आश्चर्य वाटतं.

आणि एक गाठ त्याला कधी सुटलीच नाही. तो दरांबद्दल बोलत राहिला. विवाहाचा परवाना वगळला, वचनचिठ्ठ्या वगळल्या, कागद गळ्यात बांधणार नाही. लोकांचा प्रश्न दराचा नव्हता, तो कोण लावतो हा होता. १७६४च्या निवेदनात त्याने आणि फिचनी स्वतः हाच मुद्दा लिहिला होता. मॅसॅच्युसेट्सने स्वतः लावलेल्या करावर कोणी घर पाडलं नव्हतं. लंडनच्या दालनांत काही महिने दरांची घासाघीस करता करता आपणच लिहिलेला मुद्दा त्याच्या हातून निसटला.

१७६८ मध्ये त्याने पुन्हा राजाचं पद घेतलं: फिलाडेल्फियाच्या नौदलविषयक कोर्टाचा न्यायाधीश. जिथे ज्यूरी बसत नाही, असं कोर्ट. मुद्रांक कायदा मोडणाऱ्यांवर खटले चालवण्याची मुभा अशाच कोर्टांना दिलेली होती आणि त्या कायद्याविरुद्धच्या तक्रारींत ती वरच्या क्रमांकावर होती. क्रांती सुरू झाल्यावर ते पदही गेलं, त्याला न्यू हेवनला परत यावं लागलं आणि तिथेच १७८१ मध्ये तो वारला. त्याच्याच नावाच्या त्याच्या मुलाने सहा वर्षांनी फिलाडेल्फियात अमेरिकेच्या राज्यघटनेवर पेनसिल्व्हेनियाच्या वतीने सही केली.